द टीचर्स पेट

द टीचर्स पेट ही ऑस्ट्रेलियातील 'द ऑस्ट्रेलियन' या दैनिकाने २०१८ मध्ये प्रसारित केलेली शोधपत्रकारितेवर आधारित पॉडकास्ट मालिका आहे. पत्रकार हेडली थॉमस हे तिचे लेखक व निवेदक असून ध्वनिनिर्मिती स्लेड गिब्सन यांची आहे. सिडनीच्या उपनगरातून जानेवारी १९८२ मध्ये बेपत्ता झालेल्या लिनेट डॉसन या दोन मुलींच्या आईचे काय झाले, हा या मालिकेचा विषय आहे. प्रसारण सुरू झाल्यानंतर काही महिन्यांतच लिनेट यांचे पती क्रिस डॉसन यांना अटक झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पत्नीच्या हत्येबद्दल दोषी ठरवले.

खऱ्या गुन्ह्यांवरील, म्हणजे 'ट्रू क्राइम' प्रकारातील पॉडकास्टमध्ये या मालिकेचे नाव दोन कारणांनी घेतले जाते. छत्तीस वर्षे थंड पडलेल्या प्रकरणाकडे तिने कोट्यवधी लोकांचे लक्ष वेधले, हे एक. दुसरे असे की, तिच्यामुळेच आरोपीला निष्पक्ष खटला मिळणे अशक्य झाले आहे का, हा प्रश्न न्यायालयापुढे प्रत्यक्ष सुनावणीसाठी आला. मालिकेमुळे गुन्हा उघडकीस आला, असे सरसकट लिहिले जाते. घटनाक्रम पाहता ते पूर्णपणे खरे नाही.

पार्श्वभूमी

लिनेट यांचे माहेरचे आडनाव सिम्स. व्यवसायाने त्या परिचारिका होत्या व बेपत्ता होण्यापूर्वी एका पाळणाघरात काम करीत असत. शाळकरी वयात ओळख झालेल्या क्रिस डॉसन यांच्याशी त्यांचा विवाह १९७० मध्ये झाला. क्रिस व त्यांचे जुळे भाऊ हे दोघेही सत्तरच्या दशकात न्यूटाउन जेट्स या संघाकडून रग्बी लीग खेळत असल्याने परिसरात प्रसिद्ध होते. पुढे क्रिस शारीरिक शिक्षणाचे शिक्षक झाले. सिडनीच्या उत्तरेकडील किनारपट्टीवर, नॉर्दर्न बीचेस भागातील बेव्ह्यू येथे या कुटुंबाचे घर होते.

क्रिस क्रोमर येथील शाळेत शिकवत असताना त्यांनी आपल्याच एका विद्यार्थिनीशी लैंगिक संबंध ठेवले. न्यायालयीन कागदपत्रांत तिचा उल्लेख केवळ 'जे. सी.' या आद्याक्षरांनी होतो. मुली सांभाळण्याच्या निमित्ताने ती डॉसन यांच्या घरी येऊ लागली व काही काळ तेथे राहिलीही. डिसेंबर १९८१ मध्ये क्रिस तिला घेऊन क्वीन्सलँडकडे निघाले, पण ते दोघे वाटेतूनच परतले. जानेवारीच्या सुरुवातीस ती मैत्रिणींबरोबर साउथ वेस्ट रॉक्स येथे सुट्टीसाठी गेली होती.

८ जानेवारी १९८२ रोजी डॉसन दांपत्य विवाह समुपदेशकाकडे जाऊन आले. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, लिनेट यांनी नॉर्थब्रिज येथील तरणतलावावर आपल्या आईला भेटायचे ठरवले होते. त्या आल्या नाहीत. क्रिस त्या तलावावर जीवरक्षक म्हणून अर्धवेळ काम करीत. तेथे आपल्याला लिनेटचा दूरध्वनी आला, तिला काही दिवस एकांत हवा आहे, असे त्यांनी इतरांना सांगितले. त्यानंतर ३३ वर्षांच्या लिनेट कोणालाही दिसल्या नाहीत. त्यांच्या मुली त्या वेळी चार व दोन वर्षांच्या होत्या.

काही दिवसांतच जे. सी. बेव्ह्यूच्या घरी राहायला आली. पत्नी हरवल्याची तक्रार क्रिस यांनी पोलिसांत नोंदवली ती सुमारे सहा आठवड्यांनी, फेब्रुवारीत. पत्नीने परत यावे अशी जाहिरातही त्यांनी वृत्तपत्रात दिली. १९८३ मध्ये त्यांनी लिनेट यांच्यापासून घटस्फोट मिळवला, १९८४ च्या जानेवारीत जे. सी. हिच्याशी विवाह केला व पुढे हे कुटुंब क्वीन्सलँडला गेले. हा विवाह १९९० मध्ये मोडला. त्यानंतर जे. सी. यांनी पोलिसांकडे जाऊन आपल्याला असलेला संशय सांगितला.

मालिकेपूर्वीच्या चौकशा

स्वतःच्या मर्जीने घर सोडून गेलेली स्त्री, असेच पोलिसांनी या प्रकरणाकडे सुरुवातीची अनेक वर्षे पाहिले. दोन लहान मुली मागे ठेवून, आईला, भावंडांना किंवा मैत्रिणींना एक शब्दही न कळवता ती का जाईल, हा माहेरच्यांचा प्रश्न कोणी गांभीर्याने घेतला नाही. १९९८ नंतर तपास नव्याने सुरू झाला. २००० मध्ये बेव्ह्यूच्या घराच्या आवारात खोदकाम झाले, तेव्हा एक फाटलेले लोकरीचे जाकीट सापडले. त्याचा लिनेट यांच्याशी संबंध सिद्ध करता आला नाही.

संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरपुढे हे प्रकरण दोनदा आले. २००१ मध्ये जॅन स्टीव्हनसन आणि २००३ मध्ये कार्ल मिलोव्हानोविच या दोन्ही कॉरोनरांनी लिनेट यांचा मृत्यू झाला आहे असा निष्कर्ष काढला व एका ज्ञात व्यक्तीविरुद्ध खटला भरण्याच्या विचारासाठी प्रकरण अभियोग संचालकांकडे पाठवले. दोन्ही वेळा पुरावा अपुरा असल्याचे सांगून खटला दाखल करण्यास नकार देण्यात आला. मृतदेह नव्हता, हत्येचे ठिकाण वा साधन ठाऊक नव्हते आणि प्रत्यक्षदर्शी साक्षीदार कोणीही नव्हता.

२०१५ मध्ये पोलिसांनी 'स्क्रिव्हन' या नावाने नवे तपास पथक नेमले. या पथकाने तयार केलेली कागदपत्रे एप्रिल २०१८ मध्ये अभियोग संचालकांकडे गेली. 'द टीचर्स पेट'चा पहिला भाग प्रसारित झाला तो त्यानंतर, मे २०१८ मध्ये. म्हणजेच मालिका सुरू होण्यापूर्वीच प्रकरण पुन्हा अभियोग संचालकांच्या टेबलावर पोहोचले होते.

निर्मिती व आशय

हेडली थॉमस हे ब्रिस्बेनस्थित पत्रकार असून त्यांचे नाव भारतीय वाचकांना आणखी एका प्रकरणामुळे परिचित असू शकते. कर्नाटकातील डॉक्टर मोहम्मद हनीफ यांना २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात दहशतवादाच्या आरोपावरून अटक झाली, तेव्हा त्यांच्याविरुद्धच्या प्रकरणातील त्रुटी उघड करणाऱ्या वृत्तांकनासाठी थॉमस यांना ऑस्ट्रेलियन पत्रकारितेतील सर्वोच्च समजला जाणारा गोल्ड वॉकली पुरस्कार मिळाला होता. त्या वेळी सरकारी यंत्रणेने घाईने दोषी मानलेल्या माणसाच्या बाजूची तथ्ये त्यांनी मांडली होती. 'द टीचर्स पेट'मध्ये यंत्रणेने ज्याच्याकडे दुर्लक्ष केले त्या माणसाकडे त्यांनी बोट दाखवले. दोन्ही कामे एकाच पत्रकाराची आहेत, हे मालिकेवरील टीका वाचताना लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मालिकेची मांडणी साप्ताहिक भागांची होती. लिनेट यांचे नातेवाईक, शेजारी, पाळणाघरातील सहकारी, क्रोमर व आसपासच्या शाळांतील माजी विद्यार्थिनी यांच्या मुलाखती, कॉरोनरपुढील साक्षींच्या नोंदी आणि थॉमस यांचे स्वतःचे निवेदन यांतून ती उभी राहते. प्रसारण चालू असतानाच श्रोते नवी माहिती कळवू लागले. पुढील भाग त्या माहितीवर बेतले गेले व भागांची संख्या मूळ योजनेपेक्षा वाढत गेली. छापील शोधवार्ता पूर्ण झाल्यावर प्रसिद्ध होते. येथे शोध आणि प्रसिद्धी एकाच वेळी चालली होती. मालिकेचे सामर्थ्य त्यात होते आणि पुढे न्यायालयात जी अडचण उभी राहिली तिचे मूळही त्यातच होते.

एका स्त्रीच्या नाहीशा होण्याइतकाच मालिकेचा भर नॉर्दर्न बीचेस भागातील त्या काळच्या शालेय वातावरणावर आहे. शिक्षकांनी अल्पवयीन विद्यार्थिनींशी ठेवलेले संबंध तेथे अनेकांना ठाऊक होते आणि त्याविरुद्ध फारसे कोणी बोलत नव्हते, असे चित्र अनेक माजी विद्यार्थिनींच्या कथनातून समोर आले. या आरोपांच्या तपासासाठी न्यू साउथ वेल्स पोलिसांनी २०१८ मध्ये 'साउथवुड' हे स्वतंत्र पथक नेमले. मालिकेचा थेट परिणाम म्हणून दाखवता येईल अशी ही बहुधा सर्वांत स्पष्ट गोष्ट आहे.

शीर्षकातील इंग्रजी शब्दप्रयोगाचा अर्थ 'शिक्षकाचा लाडका विद्यार्थी' किंवा 'लाडकी विद्यार्थिनी' असा होतो. शोषण झालेल्या शाळकरी मुलीसाठी असा हलकाफुलका शब्द वापरणे खटकते. न्यायालयाने पुढे या संबंधाचे जे वर्णन केले त्याच्याशीही तो जुळत नाही.

प्रतिसाद

ऑस्ट्रेलियासह ब्रिटन, कॅनडा व न्यूझीलंड येथील पॉडकास्टच्या क्रमवारीत मालिका पहिल्या स्थानावर पोहोचली. २०१८ च्या अखेरीस तिचे डाउनलोड २.८ कोटींवर गेल्याचे प्रसिद्ध झाले. थॉमस व गिब्सन यांना त्या वर्षीचा गोल्ड वॉकली पुरस्कार देण्यात आला. पोलीस आयुक्त मिक फुलर यांनी सुरुवातीच्या तपासातील उणिवा मान्य करून लिनेट यांच्या कुटुंबीयांकडे दिलगिरी व्यक्त केली.

सप्टेंबर २०१८ मध्ये पोलिसांनी बेव्ह्यूच्या घराच्या आवारात पुन्हा काही दिवस खोदकाम केले. हाती काही लागले नाही. ५ डिसेंबर २०१८ रोजी क्रिस डॉसन यांना क्वीन्सलँडमधील गोल्ड कोस्ट येथे अटक करून सिडनीला आणण्यात आले. त्यांनी आरोप नाकारला व पुढे जामीन मिळवला. खटला न्यायप्रविष्ट झाल्याने एप्रिल २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील श्रोत्यांसाठी मालिका काढून घेण्यात आली. निकालानंतर ती पुन्हा उपलब्ध झाली.

खटल्यावरील परिणाम

ऑस्ट्रेलियात गंभीर गुन्ह्यांचे खटले सामान्यतः ज्युरीपुढे, म्हणजे नागरिकांमधून निवडलेल्या बारा जणांपुढे चालतात. या बारा जणांनी न्यायालयात आलेल्या पुराव्याखेरीज काहीही विचारात घेऊ नये, अशी अपेक्षा असते. कोट्यवधी वेळा ऐकल्या गेलेल्या मालिकेत आरोपी दोषी असल्याचे आठवडेच्या आठवडे सुचवले गेले असेल, तर असे बारा जण मिळतील कोठून, हा बचाव पक्षाचा मुद्दा होता. त्या आधारे खटल्याला कायमची स्थगिती द्यावी, असा अर्ज करण्यात आला. तो मंजूर झाला असता तर क्रिस डॉसन यांच्यावर या आरोपाखाली पुन्हा कधीही खटला चालला नसता. ज्या मालिकेने न्यायाची मागणी घराघरांत पोहोचवली, तिच्याचमुळे न्यायाचा मार्ग बंद होण्याची शक्यता त्या वेळी खरोखर निर्माण झाली होती.

या अर्जावर न्यायमूर्ती एलिझाबेथ फुलर्टन यांनी सप्टेंबर २०२० मध्ये निर्णय दिला. सुनावणीत थॉमस यांचीही साक्ष झाली व त्यांनी साक्षीदारांशी आणि पोलिसांशी ठेवलेला संपर्क तपासला गेला. फुलर्टन यांनी या प्रकरणातील बेबंद जाहीर चर्चेवर अत्यंत कठोर शब्दांत ताशेरे ओढले. फौजदारी खटल्याच्या प्रक्रियेत माध्यमांनी केलेल्या हस्तक्षेपाचे त्या न्यायालयापुढे आलेले हे सर्वांत गंभीर उदाहरण आहे, असे त्यांचे मत होते. तरीही हत्येच्या आरोपाचा निकाल लागण्यातील सार्वजनिक हित मोठे असल्याने व न्यायाधीशाने ज्युरीला योग्य सूचना देऊन हानी भरून काढता येणे शक्य असल्याने त्यांनी कायमची स्थगिती नाकारली. प्रसिद्धीचा जोर ओसरावा म्हणून केवळ नऊ महिन्यांची तात्पुरती स्थगिती देण्यात आली. याविरुद्धची अपिले वरच्या न्यायालयांत टिकली नाहीत.

अखेर ज्युरीचा प्रश्न वेगळ्या मार्गाने सुटला. मे २०२२ मध्ये न्यायमूर्ती रॉबर्ट बीच-जोन्स यांनी आरोपीच्या विनंतीवरून खटला ज्युरीविना, एकट्या न्यायाधीशापुढे चालवण्याचा आदेश दिला. पूर्वप्रसिद्धी हेच त्यामागील प्रमुख कारण होते.

खटला व निकाल

न्यायमूर्ती इयन हॅरिसन यांच्यापुढे मे ते जुलै २०२२ या काळात सुनावणी झाली. सरकार पक्षाचा संपूर्ण दावा परिस्थितीजन्य पुराव्यावर उभा होता. बचाव पक्षाने लिनेट १९८२ नंतरही हयात होत्या असे दाखवण्यासाठी, त्यांना पाहिल्याचे सांगणाऱ्यांच्या साक्षींवर भर दिला. त्यांपैकी एक दर्शन १९८३ मध्ये ब्रिटिश राजदांपत्याच्या सिडनी भेटीच्या वेळी जमलेल्या गर्दीतले होते. न्यायालयाने यांपैकी एकही दर्शन विश्वसनीय मानले नाही.

३० ऑगस्ट २०२२ रोजी हॅरिसन यांनी सुमारे पाच तास निकालाचे वाचन केले. त्यातील कळीचा मुद्दा तरणतलावावरील दूरध्वनीचा होता. ज्या पतीमुळे घर सोडावे लागले केवळ त्यालाच फोन करायचा आणि आई, मुली किंवा मैत्रिणी यांपैकी कोणालाही नाही, हे न्यायालयाला पटले नाही. फोन आल्याचे कथन खोटे असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. जे. सी. यांना गमावण्याच्या भीतीने व त्यांच्याविषयीच्या आसक्तीतून क्रिस डॉसन यांनी ८ जानेवारी १९८२ च्या सुमारास पत्नीची हत्या केली, असे न्यायालयाने ठरवले. पुराव्यातील एकही बाब एकटीने पुरेशी नाही, मात्र सर्व बाबी एकत्र पाहता वाजवी संशयाला जागा उरत नाही, अशी निकालाची भूमिका होती.

सरकार पक्षाची प्रत्येक गोष्ट मात्र मान्य झाली नाही. पत्नीला ठार मारण्यासाठी भाडोत्री मारेकरी शोधण्याचा प्रयत्न क्रिस यांनी केला होता, हा आरोप सिद्ध झाल्याचे न्यायालयाने मानले नाही.

मालिकेविषयीही निकालात मतप्रदर्शन आहे. तिची मांडणी समतोल नव्हती व तिच्या प्रभावामुळे काही साक्षीदारांच्या साक्षीचे मूल्य कमी झाले असण्याची शक्यता आहे, असे हॅरिसन यांनी नमूद केले. प्रत्येक साक्ष तपासताना ती व्यक्ती स्वतःच्या आठवणीतून बोलते आहे की मालिकेत ऐकलेले सांगते आहे, हे पाहावे लागले. जुन्या आठवणींवर उभ्या असलेल्या खटल्यात ही हानी लहान नाही. दीर्घ विलंबामुळे साक्षीदार मरण पावले, नोंदी नष्ट झाल्या व त्याचा आरोपीला तोटा झाला, हेही न्यायालयाने मान्य केले. त्या विलंबाची जबाबदारी मात्र मालिकेची नसून आधीच्या दशकांतील तपासाची होती.

शिक्षा व अपील

२ डिसेंबर २०२२ रोजी २४ वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावण्यात आली. त्यांपैकी १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत पॅरोल मिळणार नव्हता. डॉसन त्या वेळी ७४ वर्षांचे होते व त्यांचा मृत्यू बहुधा तुरुंगातच होईल, हे न्यायाधीशांनी बोलून दाखवले. १९८० मध्ये विद्यार्थिनीशी केलेल्या बेकायदेशीर लैंगिक संबंधाच्या वेगळ्या खटल्यात न्यायाधीश सारा हगेट यांनी २०२३ मध्ये त्यांना दोषी ठरवले. तीन वर्षांच्या या शिक्षेमुळे पॅरोलची मुदत आणखी एक वर्ष पुढे गेली. हत्येच्या निकालाविरुद्धचे अपील न्यू साउथ वेल्सच्या फौजदारी अपील न्यायालयाने जून २०२४ मध्ये फेटाळले.

दरम्यान ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळाने, हत्येतील दोषी व्यक्तीने मृतदेहाचा ठावठिकाणा सांगण्यास सहकार्य केले नाही तर तिला पॅरोल मिळू नये, असा कायदा संमत केला. तो लोकांमध्ये 'लिनचा कायदा' या नावाने ओळखला जातो.

कुटुंब

पॉडकास्टविषयीच्या चर्चेत श्रोतृसंख्या व पुरस्कार यांचा उल्लेख वारंवार होतो. या प्रकरणातील दोन मुलींचा उल्लेख त्या मानाने कमी होतो. आई घर सोडून गेली असे ऐकत त्या मोठ्या झाल्या आणि पुढे वडिलांवरच आईच्या हत्येचा खटला चालला. त्यांच्यातील एकीने शिक्षेच्या सुनावणीत वडिलांना उद्देशून निवेदन केले व आईचा देह कोठे आहे ते सांगण्याची विनंती केली. प्रौढपणी या दोघी बहिणींनी प्रकरणाबाबत एकच भूमिका घेतली नाही. लिनेट यांच्या माहेरच्यांनी निकालानंतर, त्यांचा उल्लेख यापुढे डॉसन या आडनावाने न करता लिनेट जॉय सिम्स असा करावा, अशी इच्छा जाहीर केली. प्रस्तुत लेखात मालिकेत व न्यायालयीन कामकाजात रूढ असलेले नाव कायम ठेवले आहे. डॉसन यांनी गुन्हा कधीही मान्य केला नाही व लिनेट यांचा मृतदेह सापडलेला नाही.

नंतरच्या मालिका

खटल्याच्या काळात त्याच दैनिकाने 'द टीचर्स ट्रायल' ही मालिका प्रसारित केली. तिचे स्वरूप न्यायालयीन कामकाजाच्या वृत्तांताचे होते. थॉमस यांचे 'द टीचर्स पेट' याच नावाचे पुस्तक २०२३ मध्ये प्रकाशित झाले. त्यांनी नंतर 'द नाइट ड्रायव्हर', 'शँडीज स्टोरी' व 'ब्रॉन्विन' या मालिका केल्या. २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'ब्रॉन्विन'चा विषय न्यू साउथ वेल्सच्या लेनॉक्स हेड येथून १९९३ मध्ये बेपत्ता झालेल्या ब्रॉन्विन विनफील्ड या आहेत. त्याही दोन मुलींची आई होत्या.